द्राक्षाच्या पेशी अ‍ॅग्रोसोबत ठेवल्या की तिसऱ्या दिवशी कॉफीच्या रंगाच्या होतात. कुठे चुकतंय?

भिरंडसोल | १९ मे, रात्री ११:४२

लांब लिहिणार आहे. झोप आली असेल तर उद्या वाचा.

मी गोव्यात पीएचडी करते, तिसरं वर्ष, विषय द्राक्ष, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (अ‍ॅग्रो) या बॅक्टेरियाच्या मदतीने द्राक्षाच्या पेशीत जीन घालणं. हो, गोव्यात द्राक्ष. आई शेजाऱ्यांना "काजूवर काहीतरी करते" असं सांगून मोकळी होते, कारण आमच्या साखळी गावात काजूवर पुढचा प्रश्न येत नाही. द्राक्षावर दहा येतात.

दीड वर्षापूर्वी नोव्हेंबरात नाशिकजवळच्या ओळखीच्या बागेतून थॉमसन सीडलेसचे घड आणले. ऑक्टोबर छाटणीनंतरचे, फुलांच्या टोप्या अजून न पडलेले. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या आणि ओला कागद, नाशिकरोड ते मडगाव मंगला एक्स्प्रेस. टीसीने वास घेऊन विचारलं, "मासळी?" मी म्हटलं, "द्राक्षाची फुलं." त्याचा मासळीवर जास्त विश्वास बसला असता.

घड चार दिवस ४ अंशांवर ठेवून मग परागकोश काढले. सूक्ष्मदर्शकाखाली, दोन चिमट्यांनी, सुमारे दोन हजार. मान अजून दुखते. त्यातून खरा एम्ब्रियोजेनिक कॅलस (ज्यातून पुढे रोप होऊ शकतं असा पेशींचा पुंजका) फक्त सात ठिकाणी आला. पिवळट पांढरा, रवाळ, चिमट्याने हलवला की भाजलेल्या रव्यासारखा मोकळा होणारा. त्याचं सस्पेन्शन (द्रव माध्यमात तरंगत वाढणाऱ्या पेशी) केलं, शेकरवर चालू आहे आणि छान वाढतंय. म्हणजे इथपर्यंत रडायचं कारण नाही.

रडायचं कारण पुढे. खरा जीन (द्राक्षाचाच स्टिल्बीन सिन्थेज, म्हणजे रेझव्हेरॅट्रॉल बनवणारा) अजून फ्रीझरमध्येच आहे. आधी जीयूएस (पेशीत पोचला की निळा रंग दाखवणारा चाचणीचा जीन) घालून पद्धत बसवायची, असं ठरलं. अ‍ॅग्रोची स्ट्रेन ईएचए१०५, प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं) पीबीआय१२१. अ‍ॅग्रो रात्रभर वाढवलं, ओडी (बॅक्टेरियाची दाटी) १.० ला आणलं, पेशी त्यात ३० मिनिटं बुडवल्या, गाळणी कागदावर टिपल्या, अ‍ॅसिटोसिरिंगोन (अ‍ॅग्रोला चेतवणारं रसायन) १०० मायक्रोमोलर घातलेल्या पोषक माध्यमावर अंधारात तीन दिवस ठेवल्या. कल्चर रूम २५ अंशांवर. मग सेफोटॅक्सिमच्या (अ‍ॅग्रो मारणारं अँटिबायोटिक) पाण्यात धुवून थेट लिटरला १०० मिलिग्रॅम कॅनामायसिनच्या (जीन न घेतलेल्या पेशी मारणारं अँटिबायोटिक) बश्यांवर.

पाच वेळा केलं: फेब्रुवारीत दोनदा, एप्रिलमध्ये एकदा, या महिन्यात दोनदा. पहिल्या दिवशी पेशी ठीक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेने बदामी. तिसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर कॉफी. अ‍ॅग्रोशिवायची बशी शेजारीच होती, ती पिवळीच्या पिवळी. फेब्रुवारीत थोड्या पेशी तरी जगल्या होत्या, मेमध्ये एकही नाही.

फेब्रुवारीत दोनदा जीयूएसचा निळा रंग आला होता. मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले. मग त्या पेशीही मेल्या. एप्रिल-मेमध्ये निळं जवळजवळ काहीच नाही. गाइड म्हणतात चिकाटी ठेव. चिकाटी आहे. सस्पेन्शन संपत आलंय.

---

मळेवाला_निफाड | २० मे, सकाळी ६:१५

ताई, तुमच्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. पण तुम्ही थॉमसन घेतलंय म्हणून वाचलं. कलम करताना आम्ही बघतो, काडी कापली की कापलेली जागा लगेच तांबूस पडते. उशीर झाला की कलम धरत नाही. म्हणून डॉगरिजच्या खुंटावर भरायचं तर हात चालवावा लागतो. तसलंच काही असेल का?

दुसरं विचारायचं होतं. हे जीएम द्राक्ष म्हणायचं का? म्हणजे उद्या आमच्या बागेत येणार का? २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आमचे कंटेनर अडकले होते, तेव्हापासून नवीन शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

---

जुना_लॅबवाला | २० मे, दुपारी २:०५

भिरंडसोल, तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्हींना एकाच गोळीने बरं करायला बघताय. मी रायबंदरचा. पंचवीस वर्षं पुण्यात टिश्यू कल्चरमध्ये काढली, आता निवृत्त होऊन घरी झाडांना पाणी घालतो. बायको म्हणते लिहायला मिळालं की तुम्ही थांबत नाही. बघू.

आधी मळेवाल्यांना. तुम्ही एका वाक्यात बरोबर जागेवर बोट ठेवलंत. काडी तांबूस पडते ती पॉलिफिनॉल या झाडातल्या रसायनांमुळे. हवा लागली की एन्झाइम त्यांचं ऑक्सिडीकरण करतात आणि रंग येतो. ताईंच्या बशीत हेच होतंय, फक्त तिथे कापणारा कोयता नसून बॅक्टेरिया आहे.

आता खरी गंमत. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मूळचा रोग. झाडाला जखम झाली की तिथून फिनॉल बाहेर येतात आणि या बॅक्टेरियाला त्यांचा सुगावा लागतो. सुगावा लागला की तो आपल्या टीआय प्लाझ्मिडमधला एक तुकडा कापून झाडाच्या पेशीत ढकलतो. तो तुकडा पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो आणि पेशीला गाठ करायला लावतो. गाठीतून हा जिवाणू वेगळा काढला गेला १९०७ साली, डेझीच्या झाडावरून. तुकडा खरोखर झाडाच्या डीएनएत जातो हे १९७७ मध्ये दाखवलं गेलं. नंतर माणसांनी गाठ करणारे जीन काढून टाकले आणि तिथे आपल्याला हवा तो जीन बसवला. म्हणजे पोस्टमन तोच, पाकीट आपलं. तुमचं अ‍ॅसिटोसिरिंगोन म्हणजे त्याच जखमेच्या फिनॉलपैकी एक, बाटलीतून घातलेला.

पण द्राक्षवेल या पोस्टमनला ओळखून आहे. द्राक्षावर गाठी करणारा त्याचा स्वतःचा एक भाऊबंद आहे, पूर्वी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम व्हिटिस म्हणायचे, आता त्याचं नाव बदलून अ‍ॅलोरायझोबियम व्हिटिस झालंय. थंड मुलखातल्या बागांत तो मोठा त्रास देतो. म्हणून असेल वा नसेल, द्राक्षाच्या पेशी अ‍ॅग्रो दिसला की स्वतःलाच मारून घेतात, आजूबाजूची जमीन जाळून शत्रूला उपाशी ठेवावं तसं. तुमची कॉफी ही तीच. बशीतली घाण नव्हे, संसर्ग नव्हे. पेशी शहाणपणाने मरताहेत.

यावर १९९६ मध्ये इस्रायलच्या अवी पर्ल यांच्या गटाने काम केलंय, सुपिरियर सीडलेसवर. त्यांनी सहवासाच्या काळात (पेशी आणि अ‍ॅग्रो एकत्र ठेवतात तेव्हा) माध्यमात पीव्हीपीपी आणि डीटीटी घातलं, म्हणजे फिनॉल शोषणारी एक पूड आणि ऑक्सिडीकरण थोपवणारं एक रसायन. मरणं कमी झालं आणि जीन घातलेली रोपं मिळाली. त्यानंतर द्राक्षावर काम करणारे बहुतेक जण काही ना काही अँटिऑक्सिडंट घालतात.

पण नुसत्या पुडीने भागणार नाही. ओडी १.० म्हणजे तुम्ही पेशींवर दरोडाच घातलाय. ०.३ वर या, ०.२ चालेल. ३० मिनिटं नको, १० पुरे. नंतर टिपताना दोन-तीन कोरडे कागद वापरा. बशीवर पाणी उभं राहिलं की अ‍ॅग्रो त्यात पोहतो आणि दुसऱ्या दिवशी पेशींवर साय धरतो. शक्य असेल तर सहवासच कोरड्या कागदावर करा, खाली माध्यम नको, कागदापुरता ओलावा. आणि तीन दिवस नको, दोन.

हे झालं पहिलं दुखणं. दुसरं तुम्हाला आवडणार नाही.

तुमचा फेब्रुवारीतला निळा रंग बहुधा अ‍ॅग्रोचा स्वतःचा होता.

पीबीआय१२१ मधल्या जीयूएसमध्ये इन्ट्रॉन (जीनच्या मधला, वाचताना कापून टाकायचा तुकडा) नाही. त्याचा ३५एस प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) वनस्पतीत चालणारा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तो बॅक्टेरियातही थोडाफार गळतो. पेशीभोवती अ‍ॅग्रोची साय असेल तर ती सायच निळी होते. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतो: निळं पेशीच्या आत ठिपक्यासारखं होतं की कडेने पुसल्यासारखं? पुसल्यासारखं असेल तर नाच परत घ्या. इन्ट्रॉन असलेला जीयूएस वापरा, पीकॅम्बिया२३०१ मध्ये आहे, आणि झाडासाठी त्यातही कॅनामायसिनच आहे, म्हणजे बाकी काही बदलावं लागणार नाही. बॅक्टेरियाला इन्ट्रॉन कापता येत नाही, त्यामुळे तो खोटं निळं होऊच शकत नाही. आम्हाला हे केळीवर शिकायला आठ महिने लागले. निळा रंग आणणाऱ्या एक्स-ग्लुकची बाटली तेव्हा सोन्याच्या भावाने यायची.

तिसरं दुखणं. "कल्चर रूम २५ अंशांवर" हे तुम्हाला कुणी सांगितलं? एसीच्या रिमोटने?

फेब्रुवारीत काही पेशी जगल्या आणि मेमध्ये एकही नाही, हे वाचून मला दुसरं काही सुचत नाही. पेशीत डीएनए ढकलणारी अ‍ॅग्रोची जी यंत्रणा आहे ती उष्णता सहन करत नाही. १९९७ मध्ये बेल्जियमच्या लोकांनी तंबाखू आणि घेवड्यावर तापमान बदलून पाहिलं: २२ अंशांवर सगळ्यात चांगलं, २५ ला कमी, २७ ला फारच थोडं, २९ ला शून्य. मजा म्हणजे त्याच २९ अंशांवर अ‍ॅग्रो स्वतः मात्र मस्त वाढतो. तुम्हाला साय दिसते, वाटतं काम चाललंय. पोस्टमन दारात नाचतोय आणि पाकीट त्याच्या पिशवीतच आहे.

एक किमान-कमाल थर्मामीटर घ्या, बशा असतात त्याच फळीवर ठेवा, आठवडाभर रोज सकाळी वाचा. मग बोलू.

---

पेट्रीबाई | २० मे, रात्री ९:३०

जुना_लॅबवाला यांच्याशी नव्वद टक्के सहमत, पण कॅनामायसिनबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही आणि मला तेच जास्त खटकलं.

ताई, सहवास संपल्यावर थेट १०० वर का टाकता? तीन दिवस मार खाल्लेल्या पेशी, त्यातली एखादी जीन घेऊन बसलेली, तिला तो जीन चालू करायला तरी वेळ द्या. नुसत्या सेफोटॅक्सिमच्या माध्यमावर दोन-तीन आठवडे विश्रांती, मग कॅनामायसिन, तेही कमी मात्रेपासून चढवत. द्राक्ष कॅनामायसिनला फार हळवं असतं. तुमच्या सस्पेन्शनची मारक मात्रा तुम्ही काढली आहे का? नसेल तर आधी अ‍ॅग्रोशिवायच्या पेशींवर ०, १०, २०, ५०, १०० अशा बशा लावा आणि सहा आठवडे बघा. हे कुणी शोधनिबंधात ठळक छापत नाही, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आणखी एक. पेशी कितव्या दिवसाच्या घेता? सबकल्चर केल्यावर, म्हणजे नव्या माध्यमात हलवल्यावर, चौथ्या ते सातव्या दिवशी पेशी जोरात विभागत असतात, तेव्हा घ्यायच्या. दोन आठवडे तशाच शेकरवर फिरलेल्या पेशी म्हणजे दुपारचा उरलेला भात.

अ‍ॅसिटोसिरिंगोन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालत नाही ना? विचारणं माझं काम. मी एका वर्षी घातलं होतं. माध्यमाचा पीएचही सहवासापुरता ५.५ च्या आसपास ठेवा, अ‍ॅग्रोला आंबट आवडतं.

मळेवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बाहेरून जीन घातला तर जीएमच. पण काळजी करू नका, बशीतून बागेत जायला रस्ता फार लांब आहे. आपल्याकडे पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग दिल्लीतल्या दोन सरकारी समित्या, आधी आरसीजीएम, मग जीईएसी, प्रत्येक पायरीवर परवानगी. बीटी कापूस २००२ मध्ये सुटला. बीटी वांग्याला समितीने हिरवा कंदील दिला आणि २०१० मध्ये मंत्र्यांनी थांबवलं, ते आजवर थांबलेलं आहे. २०२२ मध्ये जीन-संपादनाच्या काही प्रकारांना, म्हणजे बाहेरचा डीएनए शेवटी शिल्लक राहत नाही अशांना, या नियमांतून बरीच सूट मिळाली. द्राक्षात क्रिस्परचं, म्हणजे जीन कापणाऱ्या कात्रीचं, काम झालंय, २०१६ मध्ये चीनमध्ये शार्डोने द्राक्षाच्या पेशींत टार्टारिक आम्ल बनवण्यातला एक जीन बिघडवून दाखवला. गंमत अशी की तिथेही कात्री आत न्यायला हाच अ‍ॅग्रो.

---

मळेवाला_निफाड | २१ मे, सकाळी ५:५०

समजलं. म्हणजे टार्टारिक कमी करता येतं, तर आंबटपणा कमी करता येईल. गोडी यायच्या आत पाऊस आला की आमचं जे होतं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. केवडा रोगावर काही करा ताई, फवारणीचा खर्च तुम्ही बघितला तर रडाल.

---

भिरंडसोल | ३ जून, संध्याकाळी ७:२०

थर्मामीटर घेतला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नव्हे, हार्डवेअरच्या दुकानातून, ४२० रुपये. गाइडना बिल दाखवलं नाही, लाज वाटली.

तर आकडे. दिवसा २४ ते २६, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते. पण कमाल रोज सकाळी बघितली तर: २८.५, ३१, २७, ३२.५, ३०. आमच्या इमारतीत मे महिन्यात रात्री वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवे आहेत, शेकर आहे, एसी नाही. वीज आली तरी एसी आपोआप चालू होत नाही, कुणीतरी रिमोट दाबावा लागतो, आणि तो कुणीतरी सकाळी साडेआठला येतो. म्हणजे माझ्या बशा रात्री ३० च्या आसपास उबत होत्या, खालून दिव्यांची चोकही तापत होती. अंधारात ठेवायच्या म्हणून मी त्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत होते. वरच्या! गरम हवा जिथे जमते तिथे. तीन वर्षं भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी.

निळ्याबद्दल. जुने फोटो काढून पाहिले. पुसल्यासारखं आहे. नाच परत घेतला.

पेट्रीबाई, पेशी दहा ते बारा दिवसांच्या घेत होते. उरलेला भात हे फारच लागलं, पण खरं आहे.

आता नवीन बेत. पीकॅम्बिया२३०१ शेजारच्या लॅबने दिलं. जुनं, कुणी वापरत नसलेलं बीओडी इन्क्युबेटर (ठरवलेलं तापमान राखणारं कपाट) कोपऱ्यात होतं, त्यात झुरळं होती, साफ केलं, २३ वर लावलं आणि त्याची वायर लाइट रॅकच्या जागी इन्व्हर्टरवर घेतली. सहवास फक्त त्यात, दोन दिवस. बाकीच्या बशांना दिव्याशिवाय चार तास चालतं, त्या मरत नाहीत.

जुना_लॅबवाला काका, एक प्रश्न. पीव्हीपीपी फिनॉल शोषतं म्हणालात. अ‍ॅग्रोला बोलावणारंही फिनॉलच. मग पीव्हीपीपी घालून आपण पोस्टमनचा पत्ताच पुसत नाही का?

---

जुना_लॅबवाला | ३ जून, रात्री ८:०५

छान विचारलंत. हा प्रश्न मला कुणी विद्यार्थ्याने विचारल्याचं आठवत नाही.

म्हणूनच अ‍ॅसिटोसिरिंगोन आपण वेगळं घालतो, पेशींच्या भरवशावर राहत नाही. शिवाय त्याचं काम बरंचसं सुरुवातीलाच होतं. सहवासाच्या आधी अ‍ॅग्रो अ‍ॅसिटोसिरिंगोनमध्येच दोन-तीन तास उबवा, आंबट माध्यमात, २५ च्या खाली. तो जागा होऊन, हत्यारं परजून पेशींकडे येतो. मग आत पीव्हीपीपी असलं तरी फार अडत नाही. पण पुडीचा अतिरेक करू नका. आणि एकाच दिवशी सगळं बदलू नका. पीव्हीपीपीच्या चार बशा, बिनपीव्हीपीपीच्या चार, बाकी सगळं सारखं. नाहीतर यश आलं तरी कशामुळे आलं ते कळणार नाही, आणि मग गाइड विचारतील तेव्हा "चिकाटीमुळे" म्हणावं लागेल.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल वरच्या फळीवर. मी हसलो नाही असं म्हणणार नाही.

---

पेट्रीबाई | ४ जून, सकाळी १०:१५

पावसाळा दारात आहे, म्हणून एकच. तापमानाचा प्रश्न सुटेल, बुरशीचा उभा राहील. गोव्यात जुलैमध्ये लॅमिनारच्या (गाळलेल्या हवेच्या कपाटाच्या) बाहेर ठेवलेल्या कागदाच्या खोक्यावरही केस उगवतात. एसीची जाळी आताच धुवा. बशांना पॅराफिल्म दोन वेढे, आणि सेफोटॅक्सिम औषधाच्या दुकानातली एक ग्रॅमची इंजेक्शनची कुपी वापरत असाल (आम्ही सगळे तीच वापरतो) तर ताजी फोडा, पाण्यात कालवलेली महिनाभर फ्रीजमध्ये ठेवू नका. सेफोटॅक्सिम दर दोन आठवड्यांनी नव्या माध्यमातून द्यावं लागतं, नाहीतर पेशींच्या गुठळ्यांत दडलेला अ‍ॅग्रो पुन्हा डोकं वर काढतो.

---

भिरंडसोल | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

दोन महिने काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडावं अशी वाट बघत होते.

२२ जूनला केलं. सबकल्चरनंतर पाचव्या दिवसाच्या पेशी, ओडी ०.३, दहा मिनिटं, कोरडा कागद, २३ अंश, ४८ तास. पीव्हीपीपीच्या आठ बशा, बिनपीव्हीपीपीच्या आठ (चार नव्हे, काका, सस्पेन्शन वाढलंय), अ‍ॅग्रोशिवायच्या दोन. वीज दोनदा गेली. इन्क्युबेटरचं तापमान हललं नाही.

दोन दिवसांनी बदामी. कॉफी नाही. पीव्हीपीपीच्या बशा उघड उघड फिक्या होत्या, डोळ्यांनी दिसण्याइतक्या, मोजायची गरज नाही (तरी मोजलं). प्रत्येक बशीतल्या चिमूटभर पेशी जीयूएससाठी टाकल्या, रात्रभर ३७ ला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर निळं पुसलेलं नव्हतं. ठिपके होते. एका गुठळीत एक, दुसरीत तीन, मग सात गुठळ्यांत काही नाही, मग एकदम पाच. पेशीच्या भिंतीच्या आत, कड स्वच्छ. मी यावेळी नाचले नाही. खुर्चीत बसले आणि बराच वेळ पुढची चिमूट बघितलीच नाही.

बिनपीव्हीपीपीच्या बशांतही ठिपके होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. कमी, पण होते. म्हणजे मोठा चोर तापमानच होता आणि पीव्हीपीपीने पेशी जगवल्या.

मग पेट्रीबाईंची भविष्यवाणी. सोळापैकी पाच बशांत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बुरशी. हिरवी, काळी, आणि एकीत गुलाबी, जी मी पहिल्यांदा पाहिली. एसीची जाळी मी धुतली होती. आतलं नळकांडं धुतलं नव्हतं.

उरलेल्या अकरा बशा तीन आठवडे विश्रांतीनंतर कॅनामायसिन २० वर गेल्या. मारक मात्रा काढली होती, माझ्या पेशी २० वर वाढत नाहीत आणि ५० वर सहा आठवड्यांत पूर्ण मरतात, म्हणजे मी १०० वर पाच वेळा जे केलं ते काय होतं ते आता कळलं. काल बघितलं: तपकिरी मेलेल्या पेशींच्या चटईवर चार जागी पिवळट पांढरे दाणे. मोहरीएवढे. दोन एकाच बशीत.

आता यांना पीसीआरला (जीन आहे की नाही ते दाखवणारी चाचणी) कधी घालू? आणि गुठळीत अ‍ॅग्रो उरला असेल तर पीसीआर तोही दाखवेल ना? आई परवा शेजारणीला "तिच्या बशीत कायतरी उगवलं" म्हणाली. काजू म्हणाली नाही.

---

जुना_लॅबवाला | १० ऑगस्ट, सकाळी ७:००

चार. नव्या बेताच्या पहिल्या खेपेला चार वाईट नाहीत.

पीसीआर आता नको. मोहरीएवढ्या दाण्यातून डीएनए काढलात तर दाणाच संपेल. ५० वर हलवा, वाटाण्याएवढे होऊ द्या, मग अर्धा कापा. आणि तुमची शंका बरोबर आहे: नुसता एनपीटी२ (कॅनामायसिन पचवायला लावणारा जीन) किंवा जीयूएस पाहिलात तर लपलेला अ‍ॅग्रोही होकार देईल. सोबत व्हिरजीचे (अ‍ॅग्रोचा स्वतःचा एक जीन) प्रायमर लावा. तो जीन टी-डीएनएच्या (पेशीत ढकलल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) बाहेर असतो, झाडात जात नाही. जीयूएस आहे आणि व्हिरजी नाही, असं आलं तर तो दाणा तुमचा. दोन्ही आले तर सेफोटॅक्सिम आणि आणखी एक महिना. एकाच बशीतले दोन दाणे वेगवेगळे धरू नका, सदर्न ब्लॉट (जीन कुठे आणि किती जागी बसलाय ते दाखवणारी चाचणी) होईपर्यंत ते एकाच घटनेची पिल्लं समजा.

गणेश चवथीला लॅब किती दिवस बंद?

---

भिरंडसोल | १० ऑगस्ट, सकाळी ७:२५

पाच. सबकल्चरचा दिवस नेमका चवथीच्याच दिवशी येतो, मी कॅलेंडर आधीच बघितलंय. दोन दिवस आधी करून ठेवते. वॉचमनला इन्क्युबेटरचा लाल दिवा दाखवून ठेवलाय, विझला तर फोन कर म्हटलंय. साखळीहून तासाभरात पोचते. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची) बांधायला भाऊ आहे.

---

पेट्रीबाई | १० ऑगस्ट, सकाळी ९:४०

दाण्यांची बशी एकच असेल तर तिच्या दोन करा आणि एक शेजारच्या लॅबमध्ये ठेवा. ज्यांनी प्लाझ्मिड दिलं त्यांच्याकडे. आज.